तांबड्या वासराचा बाप

प्रत्येक सजीव आपली ओळख पेशीपेशीत लिहून घेऊन फिरतो, आणि ती ओळख कुणाला पुसता येत नाही, बदलता येत नाही, नाकारता येत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या दर्शनी भिंतीवर ते अरबीत आणि इंग्रजीत कोरलेलं आहे, आणि त्याखाली डीएनएचा माणसाएवढा उंच पितळी गोफ उभा आहे. गोफ उलटा वळलेला आहे. खरा डीएनए उजवीकडे वळतो, हा डावीकडे. मी रुजू झाले त्याच आठवड्यात हे संचालकांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "आता बसवलाय ना मॅडम. लाइटिंगसकट."

संचालक पुण्याचे आहेत. गोफ कुठला आहे ते माहीत नाही.

प्रयोगशाळा मस्कतमध्ये, अल् खुवैरला, मंत्रालयांच्या मागच्या रस्त्यावर. वरच्या मजल्यावर माणसांच्या तपासण्या होतात. तळमजल्यावर आमच्याकडे जनावरं. म्हणजे त्यांचं रक्त, त्यांचे केस आणि त्यांच्या मालकांचा अभिमान. शर्यतीचे उंट येतात, घोडे येतात, डोंगरातल्या शेळ्या येतात, आणि बातिना किनाऱ्यावरून टकरीचे बैल येतात. तिकडे बैलांची टक्कर लावतात. दोन बैल कपाळाला कपाळ लावून एकमेकांना रेटतात, आधी पाठ फिरवेल तो हरला. जिंकणाऱ्या बैलाला गावात जो मान मिळतो तो पाहून मला कधीकधी मंत्रालयातल्या माणसांची दया येते. मग त्या बैलाची मुलं, नातवंडं, लांबचे पुतणे, सगळे पुढे येतात. कुणीही वासरू घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, हा त्याचाच. इथे आमची गरज पडते.

पद्धत सांगायला सोपी आहे. डीएनएत काही जागा अशा असतात की तिथे तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, बोलताना अडखळणाऱ्या माणसासारखी. किती वेळा अडखळायचं हे ज्याचं त्याचं. अशा प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. रक्तातून डीएनए काढायचा, यंत्रात आलटूनपालटून तापवून आणि थंड करून त्या नेमक्या जागांच्या अगणित प्रती करायच्या, दुसऱ्या यंत्रातून त्यांची लांबी मोजायची. वासराच्या दोन आकड्यांपैकी एक आईत सापडला पाहिजे, दुसरा बापात. एखाद्या ठिकाणी चुकामूक झाली तर ती निसर्गाची हातचलाखी असू शकते. बऱ्याच ठिकाणी झाली तर नातं नाही.

वंश या विषयाबद्दल मला जन्मजात आदर नाही, हे आधीच सांगून टाकते. मी अकोल्याची. आमच्या घरात सकाळी बुद्धवंदना आणि त्यानंतर वर्तमानपत्र. वडिलांनी वंशावळ नावाचा कागद आयुष्यात एकदाच केला, माझ्या जात पडताळणीसाठी. आजोबांचे आजोबा कोण हे प्रतिज्ञापत्रावर लिहून, आम्ही खरोखरच ज्यांना लोक खालचं म्हणत आले ते आहोत, असं सरकारला पटवावं लागलं होतं. कारकुनाला शंका होती. त्यामुळे संचालकांच्या माहितीपत्रकात 'शुद्ध रक्त' हा शब्द पाहिला की माझा पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागतो. रक्तात मला आजवर मीठ, लोह आणि कधीकधी गोचिडतापाचे जंतू सापडले आहेत.

बातिनावरच्या खाबुरा गावाचं प्रकरण आलं तेव्हा पाय असाच हलत होता.

खाबुऱ्याच्या एका अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, काळा बैल होता, सगळ्या किनाऱ्यावर नावाजलेला. तो साप चावून मेला. मरायच्या आधी त्याचं रेत काढून कांड्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवलं होतं. अर्बाबच्या गोठ्यावर कृत्रिम रेतन करणारा आमच्याकडचाच एक माणूस होता, कुडाळजवळचा, पशुधनाचा डिप्लोमा केलेला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत. अर्बाब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भारतात गेला होता तेव्हा गाय व्याली. परत येऊन काठी टेकत गोठ्यात गेला तर काळ्या गाईला तांबडं वासरू पीत होतं.

नमुने डॉक्टरनं काढलेले चालणार नाहीत, असा अर्बाबचा निरोप होता. म्हणून मीच गेले. चिंचेच्या झाडाखाली खुर्ची टाकून अर्बाब बसला होता. बातिनाकडच्या म्हाताऱ्यांना येतं तसं त्याला हिंदी येत होतं.

"दक्तोरा," तो म्हणाला, "बैल काला. गाय काली. बच्चा लाल. कैसे?"

मी त्याला समजावलं. प्रत्येक जनावराला रंगाचे दोन खिसे असतात. एका खिशात काळा आणि दुसऱ्यात लाल असला तरी जनावर काळंच दिसतं, कारण काळ्यापुढे लाल गप्प बसतो. बैलाच्या एका खिशात लाल, गाईच्या एका खिशात लाल, आणि वासराला दोघांकडून नेमका तोच मिळाला, तर वासरू लाल. घडतं असं. आई-बापाचा काही दोष नसतो.

अर्बाबनं हे शांतपणे ऐकलं. कॉफीचा छोटा कप माझ्यापुढे सरकवला.

"मेरे बैल के जेब में लाल नहीं था," तो म्हणाला. "मैं उसको जानता था."

मग त्यानं काठी उचलून गोठ्याकडे रोखली. तिथे डॉक्टर एका गाईच्या गळ्यातली दोरी विनाकारण सोडून पुन्हा बांधत होता. "ये आदमी दूसरे बैल का डाला. मेरा बैल का नहीं निकला, तो खलास. वीज़ा कॅन्सल. एअरपोर्ट."

डॉक्टरनं हे ऐकलं, आणि दोरी तिसऱ्यांदा सोडली.

मी वासराचं रक्त घेतलं, काळ्या गाईचं घेतलं. बैलाचा नमुना म्हणून टाकीतली शेवटची उरलेली कांडी मिळाली. त्या बैलाचं आणखी एक वासरू होऊ शकलं असतं, ते आता पुराव्यात खर्च होणार होतं. अर्बाबनं ती कांडी ज्या गंभीरपणे माझ्या हवाली केली तितक्या गंभीरपणे माझी पदवीसुद्धा मला कुणी दिली नव्हती.

निघताना डॉक्टर गाडीपर्यंत आला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, शर्टाच्या खिशात थर्मामीटर.

"मॅडम, गाव कुठलं आपलं?"

"अकोला."

"आडनाव?"

सांगितलं. तो क्षणभर थांबला. हे थांबणं मी शाळेपासून ओळखते. त्याच्यापुढे काय येतं ते मात्र माणसागणिक बदलतं. तो आत गेला आणि चहाचे दोन पेले घेऊन आला, दोन्ही एकाच घडणीचे, एक मला, एक त्याला.

"मी दुसऱ्याचं घातलं नाही, ताई," तो म्हणाला. मघाच्या मॅडमची ताई झाली होती. "कांडीवर बैलाचा नंबर असतो. वाचून घातलं. मुलगी नर्सिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. असा डाग घेऊन परत गेलो तर पुन्हा इकडे कोण बोलावणार मला?"

मी म्हटलं, यंत्र सांगेल ते खरं. हे म्हणताना आपण संचालकांसारखं बोललो, हे मला परतीच्या रस्त्यावर बारका गावाच्या पुढे आल्यावर जाणवलं.

निकाल गुरुवारी दुपारी आला. मी पडद्यावर आलेखाची शिखरं पाहात गेले. बैल आणि वासरू: सगळ्या जागी बरोबर. बाप तोच. मी खुर्चीत मागे टेकले. मग गाईची ओळ उघडली आणि पुन्हा पुढे झुकले. पहिल्या जागी वासराचा दुसरा आकडा गाईत नाही. दुसऱ्या जागी आहे. तिसऱ्या जागी नाही. चौथ्या जागी नाही. पुढे पाहायची गरज नव्हती, तरी शेवटपर्यंत पाहिलं.

बाप ठरला होता. आई ठरत नव्हती.

या धंद्यात आईवर कुणी संशय घेत नाही. बाप ही समजूत असते, आई समोर उभी असते, कास भरलेली, वासराला चाटणारी. ती तर मी स्वतः पाहिली होती. म्हणजे नळ्या बदलल्या. पण नळ्या मीच भरल्या होत्या, चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. मी उरलेल्या रक्तातून सगळं पुन्हा चालवायला लावलं आणि यंत्रासमोर येरझाऱ्या घालू लागले. बाजूची सहकारी म्हणाली, "तू बैस तरी. यंत्राला नजर लागेल."

संचालकांना तेवढ्यात कुणकुण लागली होती. त्यांनी पहिला निकाल पाहिला आणि आमच्या अहवालाचा ठरलेला मसुदा पुढे ओढला. मसुद्यात दोनच वाक्यं आहेत, त्यातलं एक निवडायचं. नमूद केलेले पालकत्व सिद्ध होते. नमूद केलेले पालकत्व सिद्ध होत नाही.

"होत नाही," ते म्हणाले. "एक जुळत नसेल तर होत नाही. आजच पाठवून टाका."

"सर, बाप जुळतोय. अर्बाबचा प्रश्न बापाचा आहे."

"अहो, आपण प्रश्नांची उत्तरं देत नाही. आपण सत्य देतो."

"हे वाक्य गेलं तर तो समजेल बैल दुसरा. त्या माणसाला विमानात बसवतील."

"ते त्यांचं अंतर्गत आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "आणि मॅडम, आईच आई नाही असं आपण लिहिलं, तर लोक काय म्हणतील? रक्त कुणाचं घेतलंत म्हणतील. आपली काही प्रतिष्ठा आहे की नाही?"

मी रविवारपर्यंतची, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवसापर्यंतची, मुदत मागून घेतली. तेवढी दिली त्यांनी.

दुसऱ्यांदा चालवलेला निकालही तोच आला. संध्याकाळी वादी अदाईला घरी पोहोचले तर डोक्यात आकडेच. आमच्या इमारतीच्या मागे तपकिरी डोंगर इतका जवळ आहे की स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही. मी त्या डोंगराकडे पाहात कांदा चिरत राहिले. नवरा येऊन पातेल्यात डोकावला.

"किती माणसं जेवायला आहेत?"

"का?"

"एवढा कांदा?"

त्याला सगळं सांगितलं. तो इंजिनियर आहे, पुलांचा. त्याच्या कामात आई-बापाचा प्रश्न येत नाही. तो म्हणाला, "गाय चुकीची धरली असशील."

"गोठ्यात एकच काळी गाय आहे."

"मग वासरू चुकीचं."

"वासरू तिला पीत होतं!"

"मग मला विचारू नकोस," तो म्हणाला, आणि कांदा पातेल्यात ढकलला.

शुक्रवारी सकाळी गाडी काढली. शुक्रवारी बातिनाचा रस्ता मोकळा असतो, आणि मोकळ्या रस्त्यावर विचार जास्त जोरात धावतात. दर गोल चौकाला वाटे, परत फिरावं. नमुने पुन्हा घ्यायचे, एवढंच काम होतं. ते रविवारी कुणालाही पाठवून झालं असतं, पण रविवारी अहवाल गेलेला असता. रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. सुवैकच्या पुढे खजुराच्या बागा सुरू झाल्या तेव्हा लक्षात आलं की गाडीची खिडकी उघडी आणि एसी चालू, असं मी निम्मा रस्ता आले होते.

अर्बाब नमाजाला गेला होता. गोठ्यावर डॉक्टर एकटा, बनियनवर, नळीनं फरशी धूत होता. मला पाहून त्यानं नळी टाकली, घाईनं शर्ट चढवला आणि बटणं चुकीची लावली.

"निकाल आला?"

"बापाचा आला. बैल तोच आहे. तुमचं बरोबर आहे."

तो मटकन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला. मी लगेच पुढे म्हटलं, कारण त्याला फार वेळ खूश ठेवणं बरं दिसलं नसतं: "पण आई जुळत नाही. काळी गाय या वासराची आई नाही. हे कसं ते मला कळत नाहीये, आणि कळलं नाही तर कागदावर 'सिद्ध होत नाही' असं जाईल."

मला वाटलं होतं तो चक्रावेल. तो माझ्याकडे जरा नवलानं पाहात राहिला, जणू मी दुपारच्या उन्हात येऊन त्याला आज शुक्रवार आहे असं सांगितलं होतं.

"काळी कशी असेल?" तो म्हणाला. "आई ती तांबडी." आणि त्यानं गोठ्याच्या कोपऱ्यातल्या गाईकडे हात केला. तांबडी गाय भिंतीला लागून उभी होती. मागच्या वेळी मी तिच्या अंगावरून नजर फिरवून पुढे गेले होते.

माझा आवाज चढला. "मग वासरू काळीला का पितं?"

"काळीचं मेलेलं जन्मलं. त्याच दिवशी तांबडी व्याली, पण तिची कास सुजलेली. दगडी. दुधाऐवजी पू. वासरू उपाशी मेलं असतं." बोलता बोलता त्याची कुडाळकडची भाषा बाहेर आली. "म्हणान काळयेक लावलंय. तिच्या मेलेल्या वासराचा पाणी ह्याच्या अंगाक चोळलंय, वरसून मीठ. ती चाटूक लागली. आमच्या गावात सगळे असाच करतत."

"दोघींना कांडी त्याच बैलाची?"

"त्याच बैलाची. दोघी एकदम माजावर आलेल्या."

मी टाकीच्या कठड्यावर त्याच्या शेजारी बसले. अर्बाबला मी दोन खिसे समजावले होते. शास्त्र अगदी बरोबर होतं, फक्त ज्या गाईचे खिसे मी उघडून दाखवले तिचा या वासराशी दुधापलीकडे संबंध नव्हता.

"अहो, हे तुम्ही कुणाला बोललात का नाही?"

"कोण इचारता?" तो म्हणाला, आता जरा चिडूनच. "अर्बाबन बापाचा इचारल्यान. तुम्ही बापाचा इचारल्यात. आवशीचा कोण इचारता?"

 अर्बाब परतला होता तेव्हा वासरू काळीखाली उभं होतं; त्याला जे दिसलं ते त्यानं खरं मानलं, आणि मेलेलं ते तांबडीचं असं धरलं. डॉक्टरला वाटलं, मालकाला दिसतंयच. त्याच्या हिशेबी दूध पाजते ती आई, त्यात सांगण्यासारखं काय? आणि मी, या विषयातली पदव्युत्तर बाई, दोघांच्या मधे उभी राहून रंगांवर व्याख्यान देऊन गेले होते.

तांबडीचं रक्त घेतलं. ती गाय द्वाड होती. लाथ मारून तिनं माझा ट्रे उडवला, दुसरी सुई काढावी लागली. डॉक्टर तिचं शेपूट धरून म्हणत होता, "गप गे बाय, तुझ्याच पोराचा काम हा."

शनिवारी सुट्टी असूनही मी लॅब उघडली. यंत्र तापत होतं, गार होत होतं, आणि मी पितळी गोफाभोवती फेऱ्या मारत होते. तिथली फरशी चालायला चांगली आहे. आकडे आले. तांबडी सगळ्या जागी जुळली. आई ती. मग बैलाचा प्रश्न राहिला: तांबड्या गाईकडून लाल येणारच, पण वासरू लाल व्हायला बापाकडूनही लाल यावा लागतो. त्या नावाजलेल्या काळ्या बैलाच्या एका खिशात लाल होता.

रविवारी संचालकांना मी मसुद्यातली दोन्ही वाक्यं खोडून तिसरं लिहून दिलं. बाप नमूद केल्याप्रमाणे. आई नमूद केलेली नसून गोठ्यातली दुसरी गाय.

"असं वाक्य आपल्याकडे नाही," ते म्हणाले.

"आता आहे, सर."

"आई चुकीची निघाली, हे ग्राहकाला कसं वाटेल?"

"बरोबर आई मिळाली असं वाटेल."

त्यांनी कागद तीनदा वाचला, आणि यातून एखादा समारंभ निघतो का हे त्यांच्या डोळ्यांत दिसायला लागलं. तो निघाला. त्या आठवड्यातच आम्ही सगळे खाबुऱ्याला अर्बाबच्या बैठकीत पोहोचलो. सोनेरी चौकटीत अहवाल. हलवा, कॉफी, गुलाबपाण्याचा शिडकावा. अर्बाबच्या भाच्यानं अहवाल अरबीत मोठ्यानं वाचला.

अर्बाबनं चौकट भाच्याच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवली. डॉक्टर दाराशी उभा होता, चपला काढून, शर्टाची बटणं आज बरोबर लावलेली.

"बैल मेरा?" अर्बाबनं मला विचारलं.

"आपका."

"माँ लाल?"

"लाल."

"और मेरे बैल के जेब में भी लाल था?"

मी मान हलवली. गेलेल्या नातेवाइकाचं जुनं प्रकरण म्हातारपणी कळावं तसा त्याचा चेहरा झाला. मग तो एकदम हसायला लागला, इतका की गुडघा धरावा लागला. "मुझे नहीं बताया उसने," तो म्हणाला. हसणं ओसरल्यावर त्यानं दाराकडे पाहिलं. "यल्ला, अंदर आ. बैठ. कॅन्सल नहीं. दो साल और, इन्शाल्ला."

डॉक्टर आत आला, पण खाली बसला नाही. बसायचं कुठे हे त्याला ठरवता येईना. शेवटी भाच्यानं त्याला हाताला धरून बसवलं आणि हलव्याची थाळी पुढे केली. संचालक उभे राहिले. विज्ञानानं आज एका निरपराध माणसाला तो जो आहे तो म्हणून जगासमोर उभं केलं, असं ते म्हणाले, आणि आणखीही बरंच म्हणाले. भाचा भाषांतर करत होता. तो लवकर संपवत होता.

काही दिवसांनी डॉक्टर मस्कतला आला होता, मुलीची फी पाठवायला. लॅबच्या दाराशी मला थांबवून त्यानं खिशातून नवं रहिवासी कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी दाखवलं. फोटो चांगला आला होता. थर्मामीटर खिशात दिसत होतं. दोन वर्षांची मुदत होती. गोठ्यासाठी व्हिसा उरला नव्हता, पण खाबुऱ्याच्या बाजारात अर्बाबचं एक दुकान आहे आणि त्या दुकानाच्या नावावरचा एक व्हिसा शिल्लक होता, तो मिळाला, असं त्यानं सांगितलं. व्यवसायाच्या रकान्यात अरबीत आणि इंग्रजीत छापलं होतं: शिंपी, बायकांचे कपडे.